भिजलेला एअर पंप आणि जुन्या जळगावातील मोटार भरण्याचे दुकान

ज्या दुकानात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांमधून साडेसात आणि दहा अश्वशक्तीच्या सबमर्सिबल मोटारी भरण्यासाठी, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून घेण्यासाठी, येतात, तेथे माशांच्या टाकीचा चार वॅटचा एअर पंप घेऊन जाताना मला संकोच वाटत होता. दुकानदारांना लहानथोर सगळेच आप्पा म्हणतात. त्यांनी तो पंप तळहातावर घेतला, नाकाशी नेऊन वास घेतला आणि विचारले, "भिजल्यानंतर लावून पाहिला होता का?" पंपाची कंपनी, वय, किंमत यांपैकी काहीही त्यांनी विचारले नाही.

हे दुकान जुन्या जळगावातील एका अरुंद गल्लीत आहे. त्याला पाटी नाही. दारातच तांब्याच्या तारेची रिळे, उघड्या पडलेल्या मोटारी आणि उन्हाळा असेल तर गाठोडी बांधून टांगलेले कूलरचे पंप दिसतात, तीच त्याची खूण. आत शिरताच वॉर्निशचा उग्र वास येतो. माशांच्या टाकीचे साहित्य विकणारी दुकाने शहरात आहेत, पण ती पंप विकतात, दुरुस्त करीत नाहीत. उलट इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करणाऱ्यांना पाण्यात भिजलेली कॉइल नकोशी वाटते. त्यामुळे एका स्नेह्याने या दुकानाचे नाव सुचवले तेव्हा त्यामागचा हिशोब मला पटला. पाणी आणि वीज यांच्या भांडणातच ज्यांचे अख्खे आयुष्य गेले आहे, त्यांच्यासाठी माझा पंप म्हणजे सबमर्सिबलचेच लहान भावंड होते.

प्रकार असा घडला. जूनच्या पहिल्या आठवड्यात वादळी वाऱ्यासह पाऊस आला आणि रात्री अकराच्या सुमारास गेलेली वीज पहाटे चारला परत आली. आमची टाकी तीन फूट लांबीची, सुमारे सव्वाशे लिटरची आहे. दोन नळ्यांचा एअर पंप मी तिच्या खालच्या कप्प्यात, एक्स्टेंशन बोर्डाच्या शेजारी ठेवला होता, कारण त्याची घरघर झोपेत व्यत्यय आणते अशी घरात तक्रार होती. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवला आणि नळीत पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला नाही, तर वीज गेल्यावर हवेचा दाब संपतो आणि पाणी नळीत चढू लागते. टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर ते थोड्याशा ओढीनेही काठ ओलांडते आणि एकदा ओलांडले की पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. पंपाच्या आत रबराच्या लहान झडपा असतात आणि त्या काही काळ पाणी अडवतात, पण माझ्या पंपाच्या झडपा तीन वर्षे जुन्या होत्या. सकाळी टाकीतील पाणी चार बोटे उतरलेले होते आणि कप्प्यात तळे साचले होते. वीज आली त्या क्षणी घरातील ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडला होता आणि तो वर करूनही टिकत नव्हता. खोटे कशाला सांगू, पहिली दोन मिनिटे मी त्यालाच दोष देत होतो.

मेन स्विच बंद करून, सगळे प्लग काढून मगच टाकीला हात लावला. माशांचे काय, हा प्रश्न दुरुस्तीपेक्षा तातडीचा होता. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. 20 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो, आणि आमच्याकडे जूनमध्ये बंद खोलीतल्या टाकीचे पाणी 30 अंशांच्या खाली क्वचितच असते. गोल्डफिश तोंड वर काढून हापसत होते. मुलीने तांब्याने पाणी उंचावरून परत टाकीत ओतण्याचा उद्योग तासभर केला आणि मग शेजाऱ्यांकडून बॅटरीवर चालणारा लहान पंप मिळाला. पुढील दिवस त्यावरच निघाले.

आप्पांच्या आधी मी हा पंप दुसऱ्या एका ठिकाणी नेला होता. त्या दुकानाचे नाव घेण्याची आवश्यकता नाही, कारण तेथे जे झाले ते कोठेही होऊ शकते. पंपाचे झाकण उघडून त्यावर दहा मिनिटे गरम हवा मारण्यात आली, प्लग लावला, पंप घरघरू लागला आणि "चालू झाला, घेऊन जा" असे सांगून माझ्याकडून पन्नास रुपये घेण्यात आले. घरी आल्यावर भिंतीवरच्या बोर्डाला तो लावला तेव्हा चालला, ईएलसीबीही पडला नाही, पण हवा मात्र निम्मीच येत होती आणि पंपाचे बूड अर्ध्या तासात चटका बसेल इतके तापले. म्हणून मी तो काढला आणि आप्पांकडे गेलो. त्यांच्या पहिल्या प्रश्नाला मी हा सगळा इतिहास सांगितला, तेव्हा त्यांनी केवळ मान हलवली. ओल्या कॉइलमधून प्रवाह गेला की तांबे झिजू लागते. नुसते भिजण्यापेक्षा भिजलेले असताना वीज देण्याने जास्त नुकसान होते, एवढे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

एअर पंपाची रचना साधी असते. आत मोटार नसतेच. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तारेची कॉइल असते, तिच्यासमोर एका हलत्या दांडीवर कायमचुंबक बसवलेला असतो आणि दांडीच्या टोकाला रबराचा पडदा असतो. आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे चुंबक सेकंदाला 50 वेळा ओढला-ढकलला जातो आणि पडदा भात्यासारखा हवा दाबत राहतो. आप्पांनी झाकण काढून भिंगाखाली धरले तेव्हा कॉइलवर पिठासारखा पांढरा थर दिसत होता, आणि वायर जेथे कॉइलला जोडलेली असते त्या सांध्यावर हिरवट डाग. पांढरा थर म्हणजे पाणी वाळल्यावर मागे राहिलेले क्षार, आणि हिरवे म्हणजे गंजू लागलेले तांबे. गरम हवेने पाणी उडून गेले होते, क्षार मात्र जागच्या जागी होते. हेच क्षार पावसाळी हवेतील ओल धरून ठेवतात आणि विजेला आडवाट देतात. ज्याने कूलरच्या जाळीवर दर उन्हाळ्यात जमणारा पांढरा थर खरवडला आहे, त्याला जळगावच्या पाण्यात काय असते हे वेगळे सांगायला नको. ओले यंत्र तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय याच कारणाने व्यर्थ आहे.

मेगर नावाचे हाताने फिरवायचे यंत्र त्यांनी काढले. साधा मल्टिमीटर काही व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो, त्यामुळे कॉइल तुटली आहे की नाही एवढे तो सांगू शकतो, परंतु 230 व्होल्टचा ताण आल्यावर आवरण टिकेल की नाही हे त्याच्याकडून नेमके कळत नाही. मेगर 500 व्होल्टचा दाब देऊन कॉइल आणि लोखंडी गाभा यांच्यातील विद्युतरोध मोजतो. किमान एक मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम, तरी हवा, आणि चांगल्या स्थितीतील लहान उपकरणात तो शेकड्यांत असावा, असा त्यांचा ठोकताळा आहे. माझ्या पंपाचा काटा शून्याच्या बाजूला चिकटून बसला होता. म्हणजे आदल्या दिवशी ज्या पंपाला "चालू झाला" असे प्रमाणपत्र मिळाले होते, त्याचे आवरण जवळपास नव्हतेच.

"हाऊ मरेल नही शे, बुडेल शे," असे म्हणून त्यांनी तो ठेवून घेतला. आप्पा मूळचे पारोळ्याकडचे आहेत आणि मी अहिराणी समजतो हे कळल्यावर ते शुद्ध मराठीच्या फंदात पडले नाहीत. मेलेला आणि बुडालेला यांत त्यांच्या लेखी चार दिवसांचे अंतर होते.

त्या चार दिवसांतील दोन फेऱ्यांमध्ये मी जे पाहिले ते या सेवेचे खरे मोल सांगते. आधी त्यांनी रबराचा पडदा आणि झडपा काढून बाजूला ठेवल्या, कारण रबराला उष्णता सोसत नाही. माझ्या पडद्याची कड आधीच्या दुकानातील गरम हवेने वाकडी झालेली होती, आणि हवा निम्मी का येत होती याचे उत्तर तेथेच मिळाले. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने, मऊ ब्रशने, कॉइल आणि सांधे तीन वेळा धुतले. भिजलेली वस्तू पुन्हा पाण्यानेच धुवायची हे ऐकून मी चमकलो होतो, परंतु क्षार घालवण्याचा तोच मार्ग आहे आणि डिस्टिल्ड वॉटर वाळल्यावर मागे काही ठेवत नाही. त्यानंतर गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात 100 वॅटचा पिवळा बल्ब लावून, त्याच्यापासून वीतभर अंतरावर कॉइल रात्रभर ठेवली. डब्याला बाहेरून हात लावला तर सोसवेल इतकीच ऊब होती. जळगावच्या उन्हात का वाळवत नाही, असे मी विचारले. उन्हाने वरचा थर वाळतो, तारेच्या वेढ्यांमधली ओल बाहेर पडायला मंद आणि सलग ऊब लागते आणि शिवाय जूनमध्ये ढगांचा भरवसा नाही, असे उत्तर मिळाले.

दुसऱ्या दिवशी मेगरने 5 मेगाओहम दाखवले. माझ्या दृष्टीने काम झाले होते, कारण किमान मर्यादेच्या पाचपट आकडा आला होता. आप्पांनी पंप परत डब्यात ठेवला. आकडा चढत असताना वस्तू बाहेर काढायची नाही, तो चढायचा थांबला की मग काढायची, हा त्यांचा नियम आहे. तिसऱ्या दिवशी काटा 100 च्या पुढे जाऊन स्थिरावला. मग गंजलेला सांधा कापून नवा टाका, कॉइलवर वॉर्निशचा हात आणि पुन्हा एक रात्र डब्यात. पडदा आणि झडपांचा संच मला माशांच्या दुकानातून चाळीस रुपयांत मिळाला, तो त्यांनी बसवला. शेवटी सिरीज बोर्ड, म्हणजे 60 वॅटच्या बल्बमधून वीज पंपाला देणे. पंपात शॉर्ट असता तर बल्ब लख्ख पेटला असता. येथे तो अंधारातच राहिला आणि पंप चालू लागला. तरीही तासभर थेट चालवून, अधूनमधून बुडाला हात लावून पाहिल्याशिवाय त्यांनी तो माझ्या हाती दिला नाही.

एअर पंपाबरोबर मी दोन वस्तू आणखी नेल्या होत्या. एक होता टाकीच्या आत बुडवून ठेवायचा फिल्टर. तो रात्री भिजला म्हणून बिघडला असे म्हणता येत नाही, कारण तो पाण्यातच राहतो, पण सगळेच तपासून घ्यावे असे वाटले. या फिल्टरमध्ये कॉइल इपॉक्सीत पूर्ण गाडलेली असते आणि फक्त चुंबकाचा फिरता भाग पाण्यात असतो, त्यामुळे पाणी आणि वीज यांच्यामध्ये तो इपॉक्सीचा थरच उभा असतो. आप्पांनी स्टीलच्या पातेल्यात मिठाचे पाणी घेतले, फिल्टर त्यात बुडवला, प्लगच्या दोन्ही पिना एकत्र करून मेगरची एक वायर त्यांना आणि दुसरी पातेल्याला जोडली. आकडा आला 0.3 मेगाओहम. वायर आत शिरते तेथे केसाएवढी भेग होती आणि ती त्यांनी मला नखाने चाचपून दाखवली. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नव्हती.

घरी आल्यावर मी कागदावर हिशोब केला. 230 व्होल्ट भागिले 3 लाख ओहम म्हणजे जेमतेम पाऊण मिलिअँपिअर. घरचा ईएलसीबी, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात, 30 मिलिअँपिअरला पडतो. जास्त भार आला की पडणाऱ्या एमसीबीचा तर प्रश्नच नाही, कारण तो कित्येक अँपिअरचा असतो आणि एवढी गळती त्याच्या खिजगणतीतही नसते. म्हणजे तो फिल्टर किती महिने पाण्यात वीज सोडत होता हे कोणत्याही संरक्षक स्विचने मला कधीच सांगितले नसते, आणि भेग रुंदावत गेली असती. त्यातही काचेची टाकी लाकडी कपाटावर असते आणि या पंपांच्या प्लगला दोनच पिना असतात. अर्थिंगकडे जायला गळतीला वाटच नाही. वाट मिळते ती आपण हात घालतो तेव्हा. त्या रात्री ईएलसीबी पडला तो एक्स्टेंशन बोर्डाच्या तिसऱ्या पिनेमुळे, कारण बोर्डात शिरलेल्या पाण्याला अर्थचे टोक सापडले. टाकीतील पाण्याला टेस्टर लावून पाहण्याची पद्धत आपल्याकडे आहे. तिच्यावर मी आता विसंबत नाही, कारण कॉइलच्या नुसत्या सान्निध्याने पाण्यात उतरलेल्या विजेनेही टेस्टर मिणमिणतो आणि ही वीज आणि खरी गळती यांतील फरक तो दाखवत नाही.

फिल्टर दुरुस्त करण्यास आप्पांनी सरळ नकार दिला. वरून इपॉक्सीचा लेप लावून देतो असे म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण आत गेलेली ओल लेपाखाली तशीच कोंडली जाते, असे ते म्हणाले. दुसरी वस्तू म्हणजे तो भिजलेला एक्स्टेंशन बोर्ड. तो त्यांनी उघडला, आत दोन पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकवर ठिणगीने उमटलेली काळी रेघ दाखवली आणि काही न बोलता पक्कड घेऊन त्याची वायर बुडाशी कापून टाकली. मी पाहतच राहिलो. "आता कोणी लावणार नाही," असे म्हणून त्यांनी तो भंगारात फेकला. माझी परवानगी विचारायला हवी होती, असे क्षणभर वाटले खरे. मात्र तो घरी आला असता तर दोन महिन्यांनी गणपतीच्या मखरातील दिव्यांसाठी आम्हीच तो पुन्हा काढला असता, हेही मला ठाऊक होते.

आता व्यवहाराचे बोलतो. एअर पंपाचे त्यांनी एकशे वीस रुपये घेतले. फिल्टर आणि बोर्ड तपासल्याचे काही घेतले नाही. पडद्याचे चाळीस धरून एकशे साठ रुपयांत पंप उभा राहिला, तर तसाच दोन नळ्यांचा नवा पंप मला पाचशेच्या घरात पडला असता. एका नळीचा स्वस्त पंप असेल तर मात्र ही खटपट परवडणार नाही, तेथे नवा घेणेच शहाणपणाचे. आणि वेळेचे गणित फार वाईट आहे. "उद्या या" हे वाक्य मी तीनदा ऐकले. दुकानातील फोन उचलला जात नाही, बिल मिळत नाही, हमी तोंडी एक महिन्याची आहे आणि तिचा पुरावा म्हणून तुमच्याजवळ काहीही नसते. मे आणि जूनमध्ये कूलरचे पंप आणि शेतमोटारी यांची इतकी गर्दी असते की तुमचा पंप कोणत्या ढिगाखाली गेला आहे हे आप्पांनाही पटकन आठवत नाही. माझा पंप दुसऱ्या फेरीत एका गिऱ्हाइकाच्या मिक्सरच्या भांड्यात सापडला. वस्तूला नावाची चिठ्ठी बांधण्याची एवढी एक सवय त्यांनी लावून घेतली, तर निम्म्या तक्रारी मिटतील. ज्यांच्याकडे पर्यायी पंप नाही, त्यांनी आधी बॅटरीवरचा पंप मिळवावा आणि मगच येथे यावे. फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूदेखील वाहत्या पाण्याशिवाय फार काळ तग धरत नाहीत, त्यामुळे नुसते मासे जगवून भागत नाही.

ही गैरसोय सोसूनही मी येथेच पुन्हा जाईन, कारण दुसऱ्या कोणीही मला आकडा सांगितला नव्हता. चालू होणे ही आप्पांच्या तपासणीतील शेवटची पायरी आहे, आणि आधीच्या दुकानात तीच पहिली आणि एकमेव होती.

निघताना त्यांनी पंप कोठे ठेवता असे विचारले आणि माझे उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. आता पंप टाकीच्या काठापेक्षा वीतभर उंच फळीवर, जाड कापडाची घडी घालून ठेवला आहे आणि घरघरही बरीच कमी झाली आहे. दोन्ही नळ्यांवर वीस-वीस रुपयांचे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवले आहेत. ते बसवताना बाणाची दिशा टाकीकडे आहे ना हे फुंकर मारून पाहावे लागते, कारण मी पहिला उलटाच बसवला होता. नवा बोर्ड भिंतीवर उंच आहे आणि पंपाच्या वायरला प्लगच्या आधी खाली झोळ सोडला आहे, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता त्या झोळाच्या तळाशी टपकून जाते. ईएलसीबीवरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबतो.

पंपाच्या बुडावर आप्पांनी मार्करने तारीख आणि 100 हा आकडा लिहून दिला होता, आणि दसऱ्यानंतर एकदा आणून दाखवा असे सांगितले होते. मी नोव्हेंबरमध्ये नेला. गर्दी नव्हती, पाच मिनिटांत काम झाले, पैसे घेतले नाहीत. जुन्या आकड्याच्या खाली त्यांनी 150 लिहिले.